चिठ्ठीवरचा प्रश्न : अचानक उठलेली पोटदुखी आणि तिच्या तपासण्या

सोनोग्राफी केंद्रावर येणाऱ्या चिठ्ठ्या चाळून पाहिल्या तर बहुतेकींवर रुग्णाचे नाव, वय, 'पोटात दुखते' आणि खाली 'पोटाची सोनोग्राफी' एवढेच असते. दुखणे कुठे आहे, कधी सुरू झाले, आधी उलटी झाली की आधी दुखले, पोट दाबल्यावर हाताला काय लागले, याचा पत्ता नसतो. रेडिओलॉजिस्ट मग यकृतापासून मूत्राशयापर्यंत सगळे अवयव क्रमाने पाहतो, प्रत्येकापुढे 'नॉर्मल' लिहितो आणि रुग्ण रिपोर्ट घेऊन परत येतो. दुखणे होते तसेच असते.

हे पुस्तक त्या चिठ्ठीसाठी लिहिले आहे. चिठ्ठीवर एक प्रश्न असला पाहिजे, आणि तो नीट ठरला की कोणती तपासणी करायची हेही बहुतेक वेळा ठरून जाते. पुढची सगळी प्रकरणे याच एका आग्रहातून आली आहेत. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे फॅमिली डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकटे असणारे वैद्यकीय अधिकारी आणि इंटर्नशिप करणारी मुले माझ्या डोळ्यांसमोर होती. पण भाषा मुद्दाम अशी ठेवली आहे की डॉक्टर नसलेल्यालाही वाचता यावे. हे दुखणे सकाळपर्यंत थांबवायचे की आत्ताच गाडी काढायची, हा पहिला निर्णय घरातच होतो, आणि पुष्कळ वेळा त्या निर्णयावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

झॅकरी कोप या इंग्रज सर्जनचे तीव्र पोटदुखीच्या लवकर निदानावरचे छोटेखानी पुस्तक १९२१ साली आले. त्या वेळी एक्स-रे होता. सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन तर कोणाच्या कल्पनेतही नव्हता. तरी ते पुस्तक शंभर वर्षांनंतरही सुधारित आवृत्त्यांमधून वाचले जाते. त्यातला एक नियम मी आजही विद्यार्थ्यांना सांगतो : ठणठणीत असलेल्या माणसाच्या पोटात अचानक जोराचे दुखू लागले आणि ते सहा तासांहून अधिक टिकले, तर कारण बहुधा सर्जनने पाहावे असे असते. या नियमाला अपवाद पुष्कळ आहेत, पण त्याने वेळेला लक्षणाचा दर्जा दिला. 'कालपासून दुखते' हे उत्तर पुरेसे नाही. काल कधी? झोपेतून जाग आली का? दुखणे हळूहळू चढत गेले, की सुरू झाले तोच क्षण सांगता येतो? जठराला किंवा आतड्याला छिद्र पडलेला माणूस बहुधा नेमकी वेळ सांगतो, त्या वेळी हातात काय होते हेही सांगतो. पित्ताशयाच्या किंवा अपेंडिक्सच्या सुजेला अशी घटका नसते.

पोट दोन तऱ्हांनी दुखते, आणि हा फरक कळला की निम्मे काम होते. आतडी, जठर, पित्ताशय यांना आपल्या जागेचे भान फार कमी असते. आतडे कापले तरी दुखत नाही. पण ते ताणले गेले, आवळले गेले किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला की जीव कासावीस करणारी कळ येते. ही कळ पोटाच्या मध्यावर कुठेतरी जाणवते आणि रुग्ण ती उघड्या पंजाने, हात फिरवत दाखवतो. जठर आणि पित्ताशयाची कळ छातीच्या खाली, लहान आतड्याची आणि अपेंडिक्सची बेंबीभोवती, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची ओटीपोटात. दुसरी वेदना पोटाच्या आतल्या अस्तराची. या अस्तराला त्वचेसारख्याच नसा असतात. सूज तिथवर पोहोचली की रुग्ण एका बोटाने जागा दाखवतो, आणि ती जागा सहसा बरोबर असते. अपेंडिक्सचे दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकते ते यामुळेच. अपेंडिक्स जागेवरच असते, वेदना वाहून नेणाऱ्या नसा बदललेल्या असतात. 'बेंबी सरकली' असे म्हणून या टप्प्यावर पोट चोळून घेणारे रुग्ण आजही येतात. दुखणे सरकले हे त्यांचे निरीक्षण खरे असते. त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नसतो, आणि चोळण्यात गेलेला दिवस मोलाचा असतो.

अस्तर सुजलेला माणूस हलत नाही. तो पाय जवळ घेऊन पडून राहतो, खोकला दाबतो, खाटेला कोणाचा धक्का लागला तरी कळवळतो. मुतखड्याची कळ आलेला याच्या अगदी उलट : त्याला कोणत्याही कुशीवर चैन पडत नाही, तो उठतो, चालतो, पुन्हा लोळतो. खोलीत शिरताना दारातूनच हा फरक दिसतो. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी याचा एक साधा अभ्यास केला आणि तो २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. रुग्णालयात येताना रस्त्यावरच्या गतिरोधकावर दुखणे वाढले का, एवढेच त्यांनी विचारले. गतिरोधकांवरून आलेल्या ६४ जणांपैकी ३४ जणांचे अपेंडिक्स सुजलेले निघाले, आणि त्या ३४ पैकी ३३ जण 'हो' म्हणाले होते. मात्र ज्यांचे अपेंडिक्स ठीक होते अशा तिसांपैकी एकवीस जणांनीही 'हो'च म्हटले होते. म्हणजे या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर आले तर त्याचे वजन मोठे, 'हो' आले तर शोध चालू ठेवायचा. आपल्याकडे रुग्ण एसटीने, रिक्षाने, मोटारसायकलवर मागे बसून येतो आणि रस्ता कसा आहे हे आपल्याला ठाऊक असते. हा प्रश्न विचारायला एक पैसाही लागत नाही.

चित्र काढण्याआधी आणखी काही गोष्टी कराव्या लागतात. त्यांवर या पुस्तकात एक अख्खे प्रकरण आहे आणि ते मी सर्वांत आधी ठेवले आहे, कारण पोटदुखीची काही जिवावरची कारणे पोटाच्या चित्रात दिसतच नाहीत. चाळिशी ओलांडलेला, मधुमेह असलेला माणूस छातीखाली दुखते आणि मळमळते म्हणून आला तर आधी ईसीजी. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पोटाचे सोंग घेऊन येतो. तरुण मुलगा पोट दुखून धापा टाकत असेल तर रक्तातली साखर आणि लघवीतले कीटोन. नंदुरबार, गडचिरोली, विदर्भातला आदिवासी पट्टा इथला रुग्ण असेल तर सिकलसेलचे विचारायचे. त्या आजाराच्या झटक्यातही पोट असे दुखते की सर्जनने चाकू हातात घ्यावा.

आणि मण्यार. पावसाळ्यात पहाटे कोणी 'पोटात दुखतंय, उलटी झाली' म्हणून आला आणि रात्री जमिनीवर झोपला होता असे कळले, तर पापण्या पाहा. मण्यारीचा दंश झोपेत होतो, बहुधा दुखत नाही, सुजत नाही, दातांच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. पोटदुखी हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. मग डोळे जड होतात, गिळता येईनासे होते, शेवटी श्वास थांबतो. अशा रुग्णाला सोनोग्राफीच्या रांगेत बसवले तर रिपोर्ट नॉर्मलच येईल. त्याला सर्पदंशाचे औषध आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर लागतो. कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात पोटदुखीच्या कारणांमध्ये हे इतक्या वर येणार नाही. आपल्याकडे ते आले पाहिजे.

याच प्रकरणात कपडे बाजूला करून तपासण्याबद्दलही मी लांबण लावली आहे. जांघेत अडकलेला हर्निया केवळ परकर सैल करायला कोणी सांगितले नाही म्हणून निसटतो, आणि आतडे काळे पडल्यावर सापडतो. बारा-चौदा वर्षांचा मुलगा लाजून 'पोट दुखतंय' म्हणतो, पण पीळ अंडकोषाला पडलेला असतो. तो सुमारे सहा तासांत सोडवला नाही तर अंडकोष गमवावा लागण्याचा धोका झपाट्याने वाढतो. गर्भधारणा होऊ शकते अशा वयाच्या प्रत्येक स्त्रीची लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायची, मग ती विवाहित असो वा नसो, पाळी चुकलेली असो वा नसो. विचारायचे ते सासूच्या किंवा आईच्या देखत नाही, पडद्याआड, एकटीला. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला तर पोटात लिटरभर रक्त साचेपर्यंतही तरुण बाईची नाडी आणि रक्तदाब तग धरू शकतात. तिला खांदा दुखतो असेही ती सांगेल. ते रक्त श्वासपटलाला टोचत असते, आणि या तक्रारीकडे दुर्लक्ष झालेले मी फार वेळा पाहिले आहे.

आता चित्रांकडे. रोंटगेनला क्ष-किरण १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये सापडले. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठी ध्वनिलहरींनी पाहता येतात हे १९५८ साली दाखवले. सीटी स्कॅनने पहिला रुग्ण पाहिला तो १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये, लंडनमध्ये, आणि तोही मेंदूसाठी. पोटाला त्याचा उपयोग व्हायला आणखी काही वर्षे गेली. या तिन्हींपैकी श्रेष्ठ कोण, असे विचारण्यात अर्थ नाही. एक्स-रेला हवा दिसते, सोनोग्राफीला द्रव दिसतो आणि हवेपुढे तिचे काही चालत नाही, सीटीला जवळजवळ सगळे दिसते पण त्याची किंमत मोजावी लागते. निवड यातूनच निघते.

छिद्र पडले असेल अशी शंका असेल तर छातीचा उभ्याने काढलेला एक्स-रे. पोटाचा नव्हे, छातीचा, आणि रुग्णाला आधी काही मिनिटे बसवून ठेवून, म्हणजे सुटलेली हवा वर चढून श्वासपटलाखाली चंद्रकोर धरते. ती दिसली, पोट लाकडासारखे कडक असले आणि इतिहास जुळत असला तर सीटीच्या नादी न लागता ऑपरेशनची तयारी करावी. ती दिसली नाही म्हणून मात्र छिद्र नाही असे म्हणता येत नाही, कारण काही छिद्रांमधून हवा थोडीच सुटते. टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्यात ताप असतानाच पोट फुगून दुखू लागले तर शंका अधिक पक्की धरावी.

उजवीकडे बरगड्यांखाली दुखत असेल तर सोनोग्राफी. पित्ताचे खडे तिला सीटीपेक्षाही चांगले दिसतात, शिवाय प्रोब नेमका पित्ताशयावर दाबून 'इथेच दुखतं का' असे विचारता येते, जे सीटीच्या यंत्राला जमत नाही. पण इथेच एक सापळा आहे. डेंग्यूच्या दिवसांत पित्ताशयाची भिंत जाड दिसते, भोवती पाणी दिसते आणि रिपोर्टमध्ये पित्ताशयाचा दाह असे लिहून येते. ती सूज जंतूंची नसते, रक्तवाहिन्यांमधून पाझरलेल्या द्रवाची असते. चिठ्ठीवर 'चार दिवस ताप, प्लेटलेट कमी' एवढे लिहिले असते तर रेडिओलॉजिस्टने तसे लिहिले नसते आणि रुग्णाला कोणी ऑपरेशनचे सुचवले नसते. स्वादुपिंडाच्या दाहातही घाईचा सीटी नडतो. रक्तातले लायपेज नेहमीच्या कमाल पातळीच्या तिपटीहून वाढलेले असेल आणि दुखणे तसेच असेल तर निदान झालेलेच आहे. सोनोग्राफी करायची ती खडे शोधण्यासाठी. स्वादुपिंडाचा किती भाग मेला हे तीन-चार दिवसांनी काढलेल्या सीटीत नीट कळते, पहिल्या रात्रीच्या नाही.

अपेंडिक्सवर सर्वाधिक पाने खर्ची पडली आहेत. प्रोबने हळूहळू दाब देत आतडी बाजूला सारून सुजलेले अपेंडिक्स पाहण्याची रीत प्युलार्ट या डच रेडिओलॉजिस्टने १९८६ साली मांडली. सहा मिलिमीटरहून जाड, दाबूनही न दबणारी नळी दिसली तर शंका उरत नाही. अडचण आहे ती न दिसण्याची. 'अपेंडिक्स दिसले नाही' आणि 'अपेंडिक्स नॉर्मल आहे' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण रुग्णाच्या आणि कधी कधी डॉक्टरच्याही तो लक्षात येत नाही. पहिल्या वाक्याने प्रश्न तसाच राहतो. मग दुखणे टिकून असेल तर काही तासांनी पुन्हा हात लावून पाहायचे, आणि तरी उलगडा झाला नाही तर सीटी. मुलांमध्ये आणि गरोदर स्त्रियांमध्ये आधी सोनोग्राफी, मग जिथे सोय असेल तिथे एमआरआय. गरोदरपणात अपेंडिक्स वर सरकलेले असू शकते, हे चिठ्ठी लिहिताना ध्यानात ठेवावे.

सीटीने आता उपचाराची दिशाही ठरू लागली आहे. फिनलंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. सीटीत साधे, न फुटलेले अपेंडिक्स दिसलेल्या रुग्णांपैकी काहींना ऑपरेशन न करता फक्त अँटिबायोटिक दिली. त्यांतल्या सुमारे २७ टक्के रुग्णांवर वर्षभरात अपेंडिक्सचे ऑपरेशन करावे लागले, आणि अपेंडिक्स पुन्हा उलटण्याचे प्रमाण पाच वर्षांत ३९ टक्क्यांवर गेले. बाकीचे सुटले. अपेंडिक्सच्या तोंडाशी खडा आहे का, यावर हा पर्याय द्यावा की नाही हे बरेचसे ठरते, आणि तो खडा सीटीत दिसतो. हे रुग्णाला सांगून त्याचे मत घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

म्हाताऱ्या माणसांबाबत माझा सल्ला वेगळा आहे. साठी-पासष्टी ओलांडलेल्या रुग्णाला अचानक जोराचे दुखू लागले तर सीटीला उशीर करू नये. छिद्र पडूनही त्यांचे पोट मऊ राहू शकते, ताप येत नाही, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा 'मुतखड्याची कळ' आलेल्या म्हाताऱ्या धूम्रपान करणाऱ्याच्या पोटातली महारोहिणी फुगून फुटू पाहत असेल, हे मनात आलेच पाहिजे. आणि नाडी अनियमित असलेली आजी गुरासारखी ओरडते आहे, पण पोटाला हात लावला तर ते मऊ आहे, असे दिसले तर आतड्याच्या धमनीत गुठळी अडकल्याची शंका घ्यावी. वेदना आणि तपासणी यांत इतकी तफावत पडली की लगेच रक्तवाहिन्यांचा सीटी, शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन. मूत्रपिंडांचे काम पाहणाऱ्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी इथे थांबत बसू नये. प्यायचे कॉन्ट्रास्ट आतड्यांत उतरायची वाट पाहण्यातही जिवंत आतडे हातचे जाते.

किरणांची भीती आणि किरणांबद्दलची बेफिकिरी दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून आकडे देतो. छातीच्या एका एक्स-रेत ०.१ मिलिसिव्हर्टहूनही कमी मात्रा मिळते. पोटाच्या सीटीत साधारण ८ ते १०. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच, म्हणजे एक सीटी हा तीन-चार वर्षांचा हिशेब झाला. साठीच्या माणसाच्या जिवावर बेतले असताना हा धोका नगण्य आहे. सात वर्षांच्या मुलीचे पोट वरचेवर दुखते म्हणून दर वेळी सीटी काढणे मात्र चूकच. मुतखड्यासाठी कमी मात्रेचा, कॉन्ट्रास्टविना सीटी पुरतो. तो मागायचा असेल तर चिठ्ठीवर तसे लिहावे लागते.

परदेशांत आणीबाणीच्या कक्षातला डॉक्टर खाटेशीच छोटा प्रोब लावून पोटात रक्त आहे का ते पाहतो. आपल्याकडे हे सहज होत नाही, आणि त्यामागे दुःखद कारण आहे. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. यंत्राची नोंदणी, जागा, वापरणाऱ्याची पात्रता, प्रत्येक गरोदर स्त्रीचा एफ फॉर्म हे सगळे त्यातून आले. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ वर उतरल्या. या आकड्यांकडे पाहून कायदा सैल करा असे मी म्हणणार नाही. पण त्याचा परिणाम म्हणून रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला सोनोग्राफी मिळेलच असे नाही, हे धरूनच या पुस्तकातले मार्ग आखले आहेत. जिथे यंत्र नाही तिथे प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह, ओटीपोट दुखणारे आणि नाडी वेगाने चालणारी एवढ्यावरच बाईला शिरेतून सलाईन लावून, रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी फोन करून पाठवायचे. सोनोग्राफीसाठी शहरातल्या केंद्रावर, तिथून मग रुग्णालयात, अशी वारी तिला करायला लावू नये.

वेदनाशामकाबद्दलही लिहिणे भाग आहे. निदान होण्याआधी दुखणे थांबवले तर लक्षणे झाकली जातात, असे कोपच्या काळापासून शिकवले गेले आणि आमच्या पिढीनेही तेच गिरवले. त्यानंतर झालेल्या चाचण्यांत असे दिसले की योग्य मात्रेत वेदनाशामक दिल्याने निदान चुकण्याचे प्रमाण वाढत नाही. दुखणे थोडे उतरले की रुग्ण पोट सैल सोडतो, हात लावू देतो, सोनोग्राफीचा प्रोब सहन करतो. आधी तपासा, नोंद करा, मग औषध द्या आणि पुन्हा तपासा. रुग्णाला तळमळत ठेवण्याला आता कोणताही शास्त्रीय आधार उरलेला नाही.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक नमुना चिठ्ठी छापली आहे. त्यात दुखण्याची जागा आणि वेळ, तपासताना हाताला काय लागले, मनात कोणती दोन-तीन निदाने आहेत, कोणते निदान आज चुकवून चालणार नाही, प्रेग्नन्सी टेस्ट आणि क्रिएटिनिन, आणि रिपोर्ट कोणत्या नंबरवर फोन करून सांगायचा, एवढे आहे. ती लिहायला चार-पाच मिनिटे लागतात. त्याच पानावर मागच्या बाजूला घरी सोडताना रुग्णाला द्यायचा कागद आहे, मोठ्या अक्षरांत : दुखणे सरकले किंवा वाढत राहिले, उलटी हिरवी झाली, वारा सरेनासा झाला, चक्कर आली, ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता परत या, रिपोर्ट नॉर्मल असला तरी या. दोन्ही कागदांच्या प्रती हव्या तेवढ्या काढून वापराव्यात, त्यासाठी परवानगीची गरज नाही.